चंद्राक्काचा पाळणा

चंद्राक्काला माणसाचं नाव विचारायची सवय नव्हती. समोर कुणीही बाई आली की तिचा पहिला प्रश्न ठरलेला, "धाकटं केवढं?"

लग्नाचा मांडव असो, भाजीबाजार असो, स्टेशन असो, हाच प्रश्न. मयताला गेली तरी हाच. एका घरी सत्तरीतल्या आजीबाई गेल्या होत्या. त्यांची तेवढीच म्हातारी जाऊ कोपऱ्यात बसून रडत होती. चंद्राक्का तिच्याजवळ टेकली, पाठीवर हात ठेवला आणि हळूच विचारलं, "धाकटं केवढं?" जाऊबाई हुंदका आवरून म्हणाल्या, "बेचाळीसचा आहे." अक्का म्हणाली, "मग काळजी न्हाई." आणि खरं सांगते, ती बाई रडायची थांबली!

एकदा कलेक्टरसाहेबाची मडम आमच्या भगिनी मंडळात पाहुणी आली. आम्ही सगळ्या इंग्रजी स्वागत पाठ करून, हातात हार घेऊन उभ्या. चंद्राक्का पुढं झाली आणि मला म्हणाली, "इचारा हिला, धाकटं केवढं." मी घाबरत घाबरत विचारलं. मडमेनं पर्समधून फोटो काढला आणि पुढची वीस मिनिटं विलायतेतल्या बोर्डिंगात ठेवलेल्या आपल्या पोराबद्दल बोलत राहिली. आमचं पाठ केलेलं स्वागत तसंच पोटात राहिलं.

मला तिनं पहिल्यांदा हा प्रश्न विचारला तेव्हा माझ्या हातावरची मेंदीसुद्धा गेली नव्हती. पुण्याहून लग्न होऊन सोलापुरात नव्या पेठेत आले होते. आमचे 'हे' नवे वकील आणि मी नवी वकीलीणबाई. मॅट्रिक झाले होते, आणि ते माझ्या चालण्यावरून शेजारच्या गल्लीतसुद्धा कळायचं. अशा मला दारातल्या एका पांढऱ्या इरकली लुगड्यातल्या काळ्यासावळ्या, उंच बाईनं छत्री मिटत विचारलं, "धाकटं केवढं?"

मी लाल होऊन म्हटलं, "अहो, आत्ता महिन्यापूर्वी तर लग्न झालं!"

"आस्सं? मग थांबा. घाई न्हाई," असं म्हणून बाई छत्री उघडून चालायलाही लागल्या. त्या सल्ल्याचं मी काय केलं ते पुढं येईलच. लपवून काय करणार? माझी दोन्ही मुलं अजून आहेत आणि त्यांच्या वयाची वजाबाकी कुणालाही करता येते.

चंद्राक्का अक्कलकोटकडची. शिकलेली सुईण. नवरा तरुणपणीच गेलेला, मूलबाळ नाही. साखर पेठेत तेलुगू विणकरांच्या वस्तीत तिची दोन खोल्यांची जागा होती आणि पुढं ओसरी. बोलणं अर्धं मराठी, मध्ये मध्ये कानडी. त्यातला तिचा लाडका शब्द म्हणजे "साकू". कानडीत साकू म्हणजे पुरे. भाकरी वाढताना साकू, भांडणाऱ्या बायकांना साकू, आणि पाचवं-सहावं बाळंतपण करून हात धुताना त्या घरातल्या कर्त्या माणसाकडं बघून एक मोठ्ठं "साकू!"

हे सगळं ज्या दिवसांतलं आहे तेव्हा भिंतीवर कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण रंगवायची कल्पनाही कुणाला सुचली नव्हती. संततिनियमन हा शब्द मासिकात छापून आला तर ते मासिक उशीखाली ठेवायचे. आमच्या मंडळातल्या आठ-दहा जणींनी हे काम हाती घ्यायचं ठरवलं, तेव्हा दोघींच्या घरून त्यांचं मंडळच बंद झालं. उरलेल्या आम्ही ठराव करायचो. काम एकटी चंद्राक्का करायची.

आणि तिचं कामाचं हत्यार काय, तर एक पाळणा.

शिसवी लाकडाचा, जुना, कडेला रंगीत पोपट कोरलेले. चोची झिजून पोपटांचे पारवे झाले होते. साखर पेठेत अशी ख्याती होती की ह्या पाळण्यात निजलेलं पोर दगावत नाही. लोकांना वाटायचं, पाळण्यात देव आहे. देवबीव काही नव्हता, अक्काच्या अटी होत्या. पाळणा हवा असेल तर मुलाला अफूची बाळगोळी द्यायची नाही. त्या वेळी गिरणीत आणि मागावर जाणाऱ्या बाया पोर निजून राहावं म्हणून सर्रास द्यायच्या. पाणी उकळून पाजायचं. आणि अक्का रोज येऊन पाळण्यात डोकावणार, तिला अडवायचं नाही. पाळण्यासाठी बाया हे सगळं कबूल करायच्या. पोरं जगायची. पाळण्याची कीर्ती वाढायची.

पोर रांगायला लागलं की पाळणा परत. आणि मग खरी अट. त्याच घरी तो दुसऱ्यांदा हवा असेल, तर आईनं मागायचा नाही, आजीनं नाही, बापानं तर नाहीच. मागच्या लेकरानं स्वतःच्या पायानं अक्काच्या दारात यायचं आणि स्वतःच्या तोंडानं स्वच्छ म्हणायचं, "अक्का, पाळणा दे." तोवर नाही. बोबडं चालणार नाही, कडेवर चालणार नाही.

आता तीन वर्षांचं झाल्याशिवाय कुठलं पोर गल्ली ओलांडून जाऊन असं बोलणार? अक्कानं त्या पेठेत कधी भाषण दिलं नाही की पत्रक वाटलं नाही. पण नवऱ्याला "आत्ता नको" म्हणायची सोय ज्या बायांना जन्मात नव्हती, त्या म्हणायला लागल्या, "पाळणा मिळायचा न्हाई हां!"

पाळणा एका घरातून आला की लगेच दुसरीकडं जायचा नाही. "जरा दम खाऊ द्या की त्याला," अक्का म्हणायची. आठ दिवस तो तिच्याच ओसरीवर टांगलेला असायचा. आणि दुपारी कामं आटपली की ती त्या रिकाम्या पाळण्यापुढं बसायची आणि हळूहळू झोके द्यायची. रिकामा पाळणा हलवू नये म्हणतात. जाणाऱ्या-येणाऱ्या बाया चुकचुकायच्या, पदर तोंडाला लावायच्या. ती आपली ढिम्म.

मी हे पाहिलं आणि घरी येऊन कविता केली. 'रिक्त पाळणा'. अठ्ठावीस ओळी, त्यात 'हाय' नऊ वेळा. ती एका मासिकात छापून आली आणि पुण्याला माझ्या मावशा वाचून रडल्या. तो अंक मी आठवडाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत होते.

माझा पहिला मुलगा अक्काच्याच हातावर झाला आणि त्याच पाळण्यात निजला. सहा महिन्यांनी रांगायला लागला, पाळणा परत गेला. आठ दिवस दम खाऊन तो पोचला नरसम्माच्या घरी.

नरसम्मा आमच्याच वयाची, वीस-एकवीसची. नवरा हातमागावर लुगडी विणायचा, ही त्याच्यासाठी कांड्या भरायची. सहा वर्षांत पाच बाळंतपणं. त्यातली तीन मुलं राहिली होती, एक मुलगा आणि दोन मुली. धाकटी लक्ष्मी तेव्हा नुकती झालेली. नरसम्माचा रंग कांडीवरच्या सुतासारखा पांढरा पडला होता. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी अक्काला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं होतं, हिला आता तीन-चार वर्षं उसंत मिळाली तर ही बाई वाचेल. पुढच्या वर्षी पुन्हा राहिलं, तर बाळंतिणीच्या खाटेवरून उठायची नाही.

नवरा ऐकणारा होता. पण आईसमोर त्याचा आवाज मागाच्या आवाजाखाली जायचा. आणि आई म्हणजे पोचम्मा. नव्वारीचा काष्टा घट्ट, दाताला मिश्री, गल्लीत तिचा दरारा. तिचं म्हणणं, अजून एक नातू हवाच.

"माजी सात झाली, अक्का," ती म्हणायची. "ह्यो येक जगला. येकाच नातवावर घर कसं सोडू? येक ताप आला की संपलं."

ह्यावर अक्का एवढंच म्हणायची, "पर सुनंला ताप आला तर? सून बी येकच हाय की तुला." 

पोचम्मा हात झटकायची. "पाळन्याचं भ्या दाखवू नको. तुजा नियम गरिबाला. मोठ्या घरी मागितला की तूच डोक्यावर घिऊन जातीस का न्हाई बघ."

हे वाक्य लक्षात ठेवा.

मी मात्र अक्काच्या ह्या खेडवळ पद्धतीवर नाराज होते. विसावं शतक चालू आहे आणि पाळणे कसले अडवता? मी मुंबईहून पत्र पाठवून शास्त्रीय साधन मागवलं. पार्सल आलं. आत मऊ स्पंजाचे लिंबाएवढे तुकडे, प्रत्येकाला रेशमी दोरी. मी साखर पेठेतल्या बायांना देवळाच्या ओवरीत जमवलं आणि एकेकीच्या हातात एकेक ठेवून, नजर छताकडं लावून म्हटलं, "भगिनींनो, हे साधन दांपत्यजीवनाच्या विशिष्ट प्रसंगी तैलसिक्त करून योग्य स्थानी योजावे."

बायांनी माना डोलावल्या. मला इतकं कृतकृत्य वाटलं म्हणून सांगू!

आठ दिवसांत आणखी मागणी आली. पुढच्या आठवड्यात शेजारच्या पेठेतून बाया आल्या. एकीनं तर तीन मागितले. मी मनात म्हटलं, अरे वा, क्रांती ती हीच. मंडळाच्या अहवालात मी 'अभूतपूर्व प्रतिसाद' असं लिहिलं आणि खाली रेघ मारली.

मग मंडळाची वार्षिक सभा झाली. सभेला पेठेतल्या शाळेचे हेडमास्तर आले होते. ते उठून उभे राहिले, उपरण्यानं डोळे टिपले आणि म्हणाले, "ह्या भगिनींनी आमच्या गरीब विद्यार्थ्यांसाठी पाटी पुसायचे स्पंज, तेही दोरीसकट, घरोघर जाऊन वाटले. ह्या शहराच्या इतिहासात शिक्षणासाठी एवढं कुणी केलं नव्हतं."

टाळ्या पडल्या. मी जमीन दुभंगायची वाट पाहत बसले. पण सोलापूरची जमीन, काळा खडक तो, कुठली दुभंगते?

त्यांचं तरी काय चुकलं? दोरी असलेला स्पंज म्हणजे पाटीचाच. योग्य स्थान म्हणजे पाटीची चौकट. फक्त तेलानं पेन्सील उठत नाही, एवढी एकच तक्रार होती.

दुसऱ्या दिवशी अक्कानं बायांना पुन्हा बसवलं. मला म्हणाली, "वकीलीणबाई, तुमी भायेर बसा. तुमाला लाज वाटती, मग त्यास्नी बी वाटती." दार लागलं. आतून दहा मिनिटं अक्काचा आवाज, मग हसण्याचा असा धबधबा की माझ्या मांडीवरचं पोर दचकून जागं झालं. बाया बाहेर आल्या त्या माझ्याकडं बघून पुन्हा हसल्या. पण कळलं होतं सगळ्यांना सगळं. नरसम्मा तेवढी हसली नाही. तिनं तुकडा पदराच्या गाठीत बांधला आणि म्हणाली, "सासू बघंल तर चुलीत घालंल." 

आता माझ्या स्वतःच्या वाट्याचा तुकडा कुठं होता, ते सांगते. तो आमच्या 'ह्यां'च्या टेबलावर होता. काचेच्या वाटीत, पाणी घालून, टपालाची तिकिटं ओली करायला. "फार उपयोगी वस्तू आणलीस हो," असं हे कौतुकानं म्हणाले आणि मला खरं काय ते सांगायचं धाडस झालं नाही. जगाला दांपत्यजीवन शिकवणारी मी, स्वतःच्या नवऱ्यापुढं दातखीळ!

व्हायचं तेच झालं, आणि कुठं व्हावं? भर व्याख्यानात.

हट्टानं मी त्याच ओवरीत आणखी एक व्याख्यान ठेवलं होतं. 'दोन अपत्यांतील अंतर'. सोबत तुळशीच्या दोन कुंड्या नेल्या. एकीत दाटीवाटीनं सात रोपं, सुकलेली. दुसरीत एकच, टवटवीत. पन्नासेक बाया बसलेल्या, पहिल्या रांगेत पोचम्मा मिश्री लावत. माझा आवाज छान लागला होता. "ह्या सात रोपांना विचारा, तुमची माता कोठे आहे?" असं मी म्हटलं आणि शेजारच्या अंगणातून ताण्याला लावायच्या खळीचा आंबूस वास आला. विणकर सुताला कांजी चढवतात ना, तिचा. रोज येणारा तो वास, पण त्या दिवशी माझ्या पोटात ढवळलं. मी तोंडावर पदर धरला, इकडं तिकडं पाहिलं आणि त्या टवटवीत तुळशीच्या कुंडीत...

असो.

पोचम्मानं मिश्रीचं बोट दातावरून काढलं, मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि अक्काच्याच आवाजात, अक्काच्याच चालीवर विचारलं, "वकीलम्मा, धाकटं केवढं?"

"आठ महिन्यांचं," मी पुटपुटले.

"आनि त्याच्या पाठचं?"

ओवरी हसून हसून आडवी झाली. त्या हसण्यातून बाहेर यायला मला निम्मा जन्म लागला. पण पोचम्मा हसत नव्हती. ती उठली आणि अक्कापुढं जाऊन उभी राहिली. "बरं झालं. आता बघू. हिच्या दुसऱ्याला पाळना देतीस का, सगळी पेठ बघंल. तू दिलास की माजी सून बी मोकळी, मी बी मोकळी. पुन्ना नियम सांगायचा न्हाई."

अक्का म्हणाली, "बघ की."

पाचला पाच मिळवले तर दहा होतात, तसं मला वाटत होतं की पाळणा माझाच. अक्का माझी. मंडळ माझं. कविता माझी. शिवाय पहिला मुलगा त्यात निजून गुटगुटीत झाला होता, दुसऱ्याला दुसरीकडं कुठं ठेवायचं ह्या नुसत्या विचारानं मी रात्री उठून बसायचे. कितीही मॅट्रिक असले तरी पाळण्यात देव आहे असं मलाही आतून वाटतच होतं. नरसम्माचं काय होणार, हा विचार माझ्या डोक्यात आला होता का? आला होता. मी त्याला थोडा वेळ बाहेर बसवलं होतं.

नियमाला वाट म्हणून मी पहिल्या मुलाला शिकवायला घेतलं. पंधरा महिन्यांचं ते पोर. रोज सकाळी साखरेचा दाणा दाखवून, "म्हण, अक्का, पाळणा दे." तो म्हणायचा, "पापा." महिनाभर शिकवल्यावर "पापा दे" एवढी प्रगती झाली. हे म्हणाले, "साक्षीदार फुटणार."

दुसरी मुलगी झाली. बाळंतपण अक्कानंच केलं, हात धुताना 'ह्यां'च्याकडं बघून एक साकूही टाकलं. बारशाचा दिवस उजाडला. लक्ष्मी रांगायला लागून तो पाळणा परत आलेला होता, अक्काच्या ओसरीवर मोकळा टांगलेला, हे मी गडी पाठवून बघून घेतलं होतं. आमच्या माजघरातली कडी चिंच लावून घासली. झेंडूच्या माळा सोडल्या. नव्या पेठेतल्या पंचवीस-तीस बाया जरीकाठात आल्या. आणि दाराशी, चपला काढायच्या जागी, हाताची घडी घालून पोचम्मा. मागं नरसम्मा, कडेवर लक्ष्मी.

नरसम्माचा चेहरा मी तेव्हा नीट पाहिला. ती पाळण्याच्या कडीकडं बघत होती. माझ्या घरची ती पितळेची कडी, आणि ही बाई तिच्याकडं असं बघत होती की जणू निकाल तिथं टांगणार आहे.

चंद्राक्का आली. छत्री मिटली. हातात पाळणा नव्हता.

"अक्का, टांगा मागून येतोय का?" मी विचारलं.

"कसला टांगा?" अक्का माझ्या मुलापुढं उकिडवी बसली. "बोल रं बाळा. काय पायजे?"

सगळं माजघर त्याच्या तोंडाकडं बघायला लागलं. मी मागून साखरेचा दाणा दाखवला. माझ्या सुपुत्रानं सगळ्यांकडं पाहिलं, अंगठा तोंडात घातला आणि तिथंच ओलं केलं.

"न्हाई म्हनतंय," अक्का उठली. काखेतलं एक जुनं, धुऊन मऊ झालेलं इरकली लुगडं काढलं, आमच्या घासलेल्या कडीला दोन गाठी मारल्या, ओढून पाहिल्या आणि झोळी तयार. "निजवा तुमच्या लेकीला. साखर पेठंत समदी ह्यातच वाढत्यात."

जरीकाठ कुजबुजायला लागले. मला रडू फुटलं. "अक्का, अहो मी तुमची! मंडळातली! आज तरी..."

"माजी हाय म्हनूनच की," अक्का म्हणाली. आवाज चढवला नाही. "तुमाला दिला, तर तिला काय सांगू?" आणि तिनं दाराकडं नुसती हनुवटी उडवली.

मी दाराकडं पाहिलं. आणि जन्मात पहिल्यांदा, भाषणात नव्हे, कवितेत नव्हे, खरोखरच मला कळलं की मंडळाचं काम म्हणजे काय. नाक पुसलं, मुलगी उचलली आणि झोळीत निजवली.

कुणीच पुढं होईना. झोळीच्या बारशाला पहिला झोका कुणी द्यायचा? मग चपलांच्या जागेवरून पोचम्मा आली. जरीकाठांतून वाट काढत सरळ झोळीपाशी गेली, काठाला हात घातला आणि तेलुगूत काहीतरी गात तिनं झोका दिला. झोळी चांगली हलायला लागल्यावर अक्काकडं वळून म्हणाली, "वकीलम्माला बी न्हाई म्हनलीस."

"व्हय."

"मग नियम खरा हाय." पोचम्मानं नरसम्माकडं पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मग कुणालाच उद्देशून नाही अशा आवाजात म्हणाली, "लक्ष्मी सोता येऊन मागंल तवा मागंल. तवर माजी सून माज्याजवळ निजंल. मी उंबऱ्यात आडवी पडते. बघू कोन वलांडतो."

नव्या पेठेतल्या बायांत मग जो हशा पिकला तो विचारू नका. नरसम्मा मात्र दाराला टेकून खाली बसली आणि तिनं डोळे मिटले. ती घाबरून बसली नव्हती. सुटली म्हणून बसली होती.

पोचम्मा शब्दाची पक्की. महिनाभर तिनं खरंच उंबरठा अडवला. मग तिच्या मुलानं अक्काचे पाय धरले, अक्कानं सासू-सून दोघींना समोर बसवून स्पंजाची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगितली आणि उंबरठा मोकळा झाला. पुढं त्या तुकड्याची आणि तेलाच्या बाटलीची राखण पोचम्माच करायची. "पाटीला लावाल तर हात तोडीन," असं तिनं नातवंडांना बजावलं होतं. वर्षभरात ती गल्लीतल्या सासवांना गाठून विचारायला लागली, "तुज्या सुनंचं धाकटं केवढं?" आमच्या मंडळाच्या सगळ्या ठरावांनी जे झालं नाही, ते ह्या मिश्रीवाल्या बाईनं केलं.

आणि मी? बारशाच्या दुसऱ्या दिवशी 'ह्यां'च्या टेबलावरची काचेची वाटी उचलली आणि तो स्पंज कशाचा ते एका दमात, छताकडं न बघता सांगितलं. ह्यांनी समोरचा पाकिटांचा गठ्ठा उचलून बघितला. मग म्हणाले, "आणि मी त्यानं हायकोर्टाची पाकिटं चिकटवली!" आम्हाला तिसरं मूल झालं नाही.

झोळीत वाढलेली माझी मुलगी पाळण्यातल्या भावापेक्षा वीतभर उंच झाली, हे अक्कानं मला जन्मभर ऐकवलं. पण ती झोळीत होती तोवर रोज दुपारी उन्हातून छत्री घेऊन येऊन झोळीत डोकावायची, तेही तीच.

तीन वर्षं गेली. एका दुपारी मी अक्काच्या ओसरीवर शेंगा सोलत बसले होते. पाळणा रिकामा टांगलेला. गल्लीच्या टोकाकडून एक परकरी पोर एकटीच चालत आली. केसाला लाल फीत, पावलं मोजून टाकलेली. लक्ष्मी. मागं लांब, भिंतीआड, पोचम्माचं लुगडं दिसत होतं. पोर पायरी चढली आणि अक्कापुढं उभी राहिली. माझ्या हातातली शेंग हातातच राहिली. नियम पुरा झाला होता. आता मागितला तर द्यावाच लागणार.

"अक्का," ती स्वच्छ म्हणाली, "आज्जी म्हनती, पाळना नको. साकू." आणि धूम पळाली.

भिंतीआडून कांड्या भरायच्या रहाटाचा आवाज येत होता. नरसम्माचा रहाट. आता तो असा फिरायचा की दोन मागांना पुरून उरावा. मी आनंदानं उठून नाचायचीच बाकी होते. "अक्का, जिंकलो!" म्हणून वळले, तर अक्का पाळण्याजवळ बसली होती आणि रिकाम्या पाळण्याला झोके देत होती. डोळे भरलेले.

झालं. माझ्यातली 'रिक्त पाळणा'ची कवयित्री जागी झाली. मी जवळ बसून अगदी हळव्या आवाजात म्हटलं, "अक्का, तुम्हाला फार हवं होतं का हो एखादं?"

तिनं माझ्याकडं पाहिलं आणि खो खो हसली. "तुमची ती कविता व्हय? वाचून दावली मला साळंतल्या मास्तरीणबाईंनी. लई रडल्या त्या." मग दोरी हातात तशीच ठेवून म्हणाली, "ह्यो पाळना माज्या आईचा. आमी अकरा. मी थोरली. साव्या वर्सापास्नं ही दोरी माज्या हातात. येक खाली उतरलं की दुसरं वर. आई हितं बसून पाजायची, पाजता पाजता बसल्या बसल्या डुलकी घ्यायची. गेली तवा बी पाळना भरलेलाच होता. तिला पाठ टेकून निजलेली मी कदी बघितली न्हाई, बघा."

पाळणा येत जात होता. चोची झिजलेले पोपट उन्हात येत होते, सावलीत जात होते.

"रिकामा असला की मला वाटतं," अक्का म्हणाली, "आत आई पडलीय जरा."

मॅट्रिक, वकीलीणबाई, कवयित्री, सगळ्या गप्प. काहीतरी करायचं म्हणून मी पुढं होऊन पाळण्याला हात लावला आणि झोका दिला. जरा जोरातच गेला.

अक्कानं चटकन माझं मनगट धरलं.

"हळू, वकीलीणबाई. आत्ताच डोळा लागलाय."